डबल इंजिन, डबल विचार!

कार घेताना आपण काय काय बघतो! ॲव्हरेज, मेण्टेनन्स, रिसेल, सर्व्हिस सेंटर जवळ आहे का, आणि हो, सोसायटीत अजून कोणाकडे तीच आहे का. पण नोकरीला रामराम ठोकून पायलट व्हायला निघालेली मंडळी लाखोंची फी भरताना एक साधा प्रश्न विचारायला विसरतात, ‘तुमच्याकडे ट्विन कुठलं आहे?’

ट्विन म्हणजे दोन इंजिनांचं विमान. भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं फ्लाइंग लागतं. त्यातलं बहुतेक सिंगल इंजिनवर होतं आणि बऱ्याच पॅकेजमध्ये शेवटचे साधारण १५ तास ट्विनवर असतात. तास मोजके, पण सगळ्यांत महाग! आणि एअरलाइनमध्ये जायचं तर ते टाळताही येत नाहीत. तिथली एअरबस किंवा बोइंग दोन इंजिनांवरच तर उडते. मग हे १५ तास कुठल्या विमानावर घालवायचे, हे बघायला नको?

दुसरं इंजिन कशाला?

आपल्याला वाटतं, एक बंद पडलं तर दुसरं आहेच की. गणित मात्र जरा वेगळं आहे. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते. कारण विमान नुसतं हवेत ठेवायलाच बरीच ताकद खर्ची पडते. चढायला उरते ती वरची शिल्लक. पगारातून ईएमआय आणि भाडं गेल्यावर जे उरतं ना, तसंच. पगार निम्मा झाला तर शिल्लक निम्मी होत नाही, जवळपास संपतेच.

त्यात विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळायला लागतं. ते पायाने, म्हणजे रडर दाबून सरळ ठेवायचं. वेग एका मर्यादेखाली गेला तर रडरही पुरत नाही. एअरस्पीडच्या डायलवर ही मर्यादा लाल रेघेने दाखवतात. एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढता येईल तो वेग निळ्या रेघेने. पाठ करायचं सूत्र सोपं आहे : जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन गेलं. ट्विनचं ट्रेनिंग म्हणजे मुख्यतः हेच, पुन्हा पुन्हा, झोपेतही जमेल इतकं.

कोण कोण आहे रिंगणात?

पायपर सेमिनोल : ट्रेनिंगचा जुना, भरवशाचा गडी. चार सीट, १८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. ज्या ट्विनचे दोन्ही पंखे एकाच दिशेने (पायलटच्या सीटवरून बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे) फिरतात, त्यात डावं इंजिन जाणं जास्त वाईट. सेमिनोलमध्ये दोन्ही बाजू सारख्याच. शिकणाऱ्याला तेवढाच दिलासा. कॉकपिटमध्ये मात्र सहा लिव्हर : दोन थ्रॉटलच्या, दोन पंख्याच्या, दोन मिक्श्चरच्या. गडबडीत चुकीची ओढली तर संपलंच, म्हणून हात शिस्तीत येतो.

डायमंड डीए-४२ : ऑस्ट्रियन, स्लीक, काचेच्या स्क्रीनवालं. बघताक्षणी प्रेमात पडाल! आपल्या गोंदियाच्या नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या ताफ्यातही आहे. इंजिनं डिझेल जातीची, पण भरायचं जेट फ्युएल, म्हणजे मोठ्या विमानांचंच. प्रत्येक इंजिनाला एकच लिव्हर, बाकीचं कम्प्युटर बघतो. इंजिन बंद करायचं तर एक स्विच, पंखा आपोआप वाऱ्याच्या रेषेत वळतो. तासाला साधारण ४०-४५ लिटरमध्ये काम होतं. सेमिनोल ७० च्या पुढे जातं.

टेक्नॅम पी-२००६टी : इटालियन, हलकंफुलकं, वर पंख असलेलं. १०० हॉर्सपॉवरची दोन रोटॅक्स इंजिनं. इंधन डीए-४२ पेक्षाही कमी. परदेशात याला कारचं पेट्रोलही चालतं. इथे मात्र थांबा! रोटॅक्सला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं आणि आपल्या पंपांवर आता २० टक्केवालं मिळतं. म्हणजे आपल्याकडे ॲव्हगॅसच.

पायपर सेनेका : सहा सीट. १९७५ च्या सेनेका-टू पासून टर्बो इंजिनं, त्यामुळे उंचीवर आणि उन्हाळ्यात दम कमी लागतो. ट्रेनिंगही होतं, फॅमिली ट्रिपही.

बीचक्राफ्ट बॅरन ५८ : ३०० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वरचा वेग. शिकाऊसाठी नाही, शिकून झाल्यावरचं स्वप्न.

आणि एक सापळा. सेस्ना स्कायमास्टरची इंजिनं एक पुढे, एक मागे. एक गेलं तरी विमान वळत नाही. छान की! पण अमेरिकेत त्यावर परीक्षा दिलीत तर रेटिंगवर तशी मर्यादा लिहून येते. नेहमीचं ट्विन उडवायला पुन्हा परीक्षा.

नागपूरचा मे महिना

ब्रोशर छापलेलं असतं आदर्श हवामान धरून, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश. सेमिनोलची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे पूर्ण वजन घेऊन जेमतेम चढता येईल ती उंची, साधारण ३,८०० फूट.

आता नागपूर घ्या. समुद्रसपाटीपासून हजारेक फूट. मे महिन्याची दुपार, ४४ अंश. गरम हवा विरळ असते, त्यामुळे विमानाला तिथली हवा ४,७०० फुटांवरच्यासारखी वाटते. म्हणजे विमान अजून रनवेवरच उभं आहे आणि एका इंजिनावरची सीलिंग खाली राहिली! टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर दुसरं इंजिन फक्त खाली येण्याचा वेग कमी करणार. अशा वेळी हट्टाने वर चढायला गेलात तर वेग लाल रेघेखाली जातो आणि विमान उलटतं. ट्विनचे जीवघेणे अपघात असे होतात.

म्हणूनच शहाणा इन्स्ट्रक्टर उन्हाळ्यात सकाळी लवकर उडवतो, वजन कमी ठेवतो आणि टेकऑफआधीच विचारतो, ‘इथे गेलं तर काय करशील?’

स्वतःसाठी घ्यायचं असेल तर?

आधी खिसा तपासा. दोन इंजिनं म्हणजे ओव्हरहॉल दोन, पंखे दोन, इंधन दुप्पट. लायकॉमिंगसारख्या इंजिनाचा ओव्हरहॉल साधारण २,००० तासांनी येतो. सेकंडहॅण्ड विमान स्वस्त दिसतंय? मग इंजिनांचे किती तास उरलेत ते आधी बघा.

दुसरं, इंधन कुठे मिळतं ते. ॲव्हगॅस भारतात बरीच वर्षं बाहेरून यायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली. तरीही जेट फ्युएल जितक्या विमानतळांवर सहज मिळतं तितकं ते मिळत नाही. इथे डीए-४२ बाजी मारतं.

तिसरं, इंजिन कंपनीची तब्येत. पहिल्या डीए-४२ ची इंजिनं बनवणारी जर्मनीची टीलर्ट कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मालक सुट्या भागांसाठी आणि वॉरंटीसाठी वणवण फिरले. पुढे डायमंडने ऑस्ट्रो इंजिन बसवलं. लेटेस्ट गॅजेट घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि चौथं, सहा सीट म्हणजे सहा माणसं नव्हेत. टाक्या फुल्ल केल्या की बऱ्याच ट्विनमध्ये चार माणसं आणि बॅगा एवढंच बसतं.

महिन्यातून दोनदा गोवा एवढाच बेत असेल तर? सरळ सांगायचं तर चांगलं सिंगल इंजिन घ्या. ट्विनला नियमित सराव लागतो. तो नसेल तर दुसरं इंजिन उपयोगापेक्षा डोकेदुखीच जास्त.

फी भरण्याआधी हे विचारा

– स्कूलकडे ट्विन किती? एकच असेल आणि ते हँगरमध्ये गेलं, तर विमान जमिनीवर आणि तुमची बॅच हवेत लटकलेली!
– १५ तासांतले किती तास एक इंजिन बंद धरून सराव?
– सिम्युलेटर त्याच विमानाचा आहे का? काही गोष्टी तिथेच करून बघायच्या असतात, खऱ्या हवेत नाही.
– सहा लिव्हरचं विमान की दोन? दोन्ही चालतील, पण पुढे बदलावं लागलं तर थोडे जास्तीचे तास आणि पैसे बाजूला ठेवा.
– उन्हाळ्यात फ्लाइंग किती वाजता सुरू होतं? या एका उत्तरात स्कूल कसं आहे ते कळतं.

उत्तरं नीट मिळाली तर बिनधास्त चेक लिहा. टाळाटाळ झाली तर चहा प्या, थँक्यू म्हणा आणि पुढच्या स्कूलची अपॉइंटमेंट घ्या.