शब्दच नाहीत, तरी गाणं

पिंक फ्लॉइड हे नाव घरातल्या कॉलेजवाल्या मुलांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेल. माझ्या कानावर ते भाच्यामुळे आलं. या इंग्रजी बँडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममध्ये ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ नावाचं गाणं आहे. गाणं म्हणायचं, पण गायलेला शब्द एकही नाही! पियानो वाजतो, मरणाबद्दल कुणीतरी दोन वाक्यं बोलतं आणि एकदम एका बाईचा आवाज उसळतो. चढतो, कळवळतो आणि शेवटी थकून निवत जातो.

मला त्यात मयताच्या घरातला आकांत ऐकू येतो. आधी भीती, मग देवावरचा राग, मग नुसतं हुंदके देणं. प्रसूतिगृहात नोकरी केलेल्या आमच्या मोठ्या जाऊबाई मात्र ऐकताक्षणी म्हणाल्या, “अगं, मरण कसलं? ह्या तर बाळंतकळा!” शब्द असते तर त्यांनी असं म्हटलंच नसतं.

ही गायिका क्लेअर टोरी. वय २५. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिला लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत बोलावलं. रिचर्ड राइटचा पियानो तयार होता. विषय मरणाचा, शब्द नकोत, एवढंच तिला सांगितलं. सुरुवातीला तिने ‘बेबी, बेबी’ केलं, ते त्यांना नको होतं. मग आपण बाई नाही, वाद्यच आहोत असं समजून ती गायली. दोन-अडीच वेळा गायली आणि घरी गेली. सुट्टीचा दिवस म्हणून दुप्पट दर, म्हणजे तीस पौंड मिळाले. आपला आवाज वापरलाय हे तिला कळलं ते रेकॉर्डच्या दुकानात, अल्बमवर नाव बघून!

नाव होतं, पण गायिका म्हणून. रचना एकट्या राइटची. आता तुम्हीच सांगा, पियानोचे सूर त्याचे हे कबूल, पण त्यावरची ती चाल कुणाची? कुणी लिहून दिली होती का तिला? ‘ती काय, नुसती ओरडली’ असं म्हणणारेही भेटतात. म्हणावं, तुम्ही ओरडून बघा बरं तेवढं, सुरात!

२००४ साली टोरी कोर्टात गेली. २००५ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून त्या गाण्याच्या रचनाकारांत राइटच्या शेजारी तिचंही नाव छापतात.