मॉल ओस का पडतात?

कात्रजचा तलाव आपण पाहिला असेल. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी तिथून जमिनीखालून नळ बांधून पाणी शहरात आणले. पेठांतले हौद भरत, ते त्या तळ्याच्या जोरावर. मॉलचेही तसेच असते बघा.

मॉल म्हणजे एका छपराखालचा थंडगार बाजार. असा पूर्ण बंदिस्त मॉल अमेरिकेत १९५६ साली उघडला. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ आला, तेव्हा अशी झुंबड उडाली की काही काळ मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड असणाऱ्यालाच फुकट आत सोडत! पुढे हीच इमारत ‘सोबो सेंट्रल’ झाली, दुकाने उठत गेली आणि २०२४ साली ती कर्जफेडीपायी विकली गेली.

असे का होते? मॉलमधले एखादे मोठे दुकान गिऱ्हाईक ओढून आणते. लहान दुकाने त्या ओघावर जगतात. २०२२ साली ‘बिग बझार’ बंद पडला, तेव्हा असे कितीतरी ओघ आटले. गिऱ्हाईक घटते, पण भाडे नि विजेचे बिल काही घटत नाही. मग एकेक शटर खाली येते, विक्रेत्या पोरांची नोकरी जाते आणि उन्हाच्या वेळी टेकायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचा बाकही जातो.

आपली मंडई मात्र १८८६ पासून उभी आहे. तिथे शेकडो गाळे, शेकडो झरे. एक आटला तरी बाजार भरतोच. नवा बाजार बांधणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.