उपाशीपोटी रक्तचाचणी आणि कोलेस्टेरॉलचा हिशेब

मैसूरू जिल्ह्यातील टी. नरसीपूर तालुक्यात सोसले हे गाव आहे. तेथील व्यासराज मठाच्या माध्व परंपरेत एकादशीच्या उपवासाला मोठे स्थान आहे. कोलेस्टेरॉलच्या चाचणीपूर्वी सांगितला जाणारा उपवास मात्र निराळा. त्यात ९ ते १२ तास अन्न वर्ज्य असते, पाणी चालते. आणि त्याचे मूळ बऱ्याच अंशी एका गणिती सूत्रात आहे.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. लिपोप्रोटीन नावाच्या कणांतून ते वाहून नेले जाते. त्यांपैकी एलडीएल धमन्यांच्या भिंतीत साचते, म्हणून ते घातक. त्याचे थेट मापन किचकट असल्याने फ्रीडवाल्ड व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सोपा मार्ग सुचविला : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करावा. जेवणानंतर आतड्यातून आलेले मेदकण रक्तात मिसळतात, ट्रायग्लिसराइड वाढते आणि पाचव्या हिश्शाचे गृहीतक ढळते. समजा, दर डेसिलिटरला एकूण कोलेस्टेरॉल २००, एचडीएल ४० व ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम आहे. एलडीएल १३० येते. जेवणानंतर केवळ ट्रायग्लिसराइड २०० झाले, तर उत्तर १२० येईल. एलडीएल घटलेले नसूनही! एकूण उणे एचडीएल हा ‘नॉन-एचडीएल’ आकडा मात्र दोन्ही वेळा १६० राहतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास हे सूत्र उपाशीपोटीही लागू पडत नाही.

प्रत्यक्षात फरक किती पडतो? युरोपीय तज्ज्ञांच्या २०१६ च्या संयुक्त निवेदनानुसार नेहमीच्या आहारानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी २६ मिलिग्रॅमने वाढते, तर एकूण कोलेस्टेरॉल व एलडीएल सुमारे ८ ने घटते. म्हणून सर्वसाधारण तपासणीस उपवास अनावश्यक ठरविण्यात आला. ट्रायग्लिसराइड ४४० हून अधिक आढळल्यास मात्र उपाशीपोटी फेरतपासणीचा विचार करावा, असे सुचविले गेले. डेन्मार्कने हा बदल २००९ पासूनच स्वीकारला होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नव्हे. उपवासाची अट असली की चाचण्यांची सारी गर्दी सकाळी होते. शेतमजूर नकळत चहा पिऊन आला, तर त्याला परत पाठविले जाते आणि दुसऱ्या दिवसाचीही मजुरी बुडते. चाचणी मोफत असली तरी हा खर्च त्याच्याच माथी पडतो. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर उपवासात धोकादायकरीत्या उतरू शकते, ते वेगळेच.

तरीही प्रयोगशाळा उपाशीपोटीच बोलावतात, याचे एक व्यावहारिक कारण आहे. बहुधा त्याच नमुन्यातून उपाशीपोटीची साखरही मोजायची असते आणि तिला किमान ८ तासांचा उपवास लागतोच.