लेटर नीट वाचा, मगच पेढे वाटा

सातवी सेमिस्टर सुरू झाली की हॉस्टेलवर दोनच विषय असतात : मेसचं जेवण आणि प्लेसमेंट. पहिल्यावर लिहून काही उपयोग नाही, म्हणून दुसऱ्यावर लिहितोय. रेझ्युमे, अ‍ॅप्टी, इंटरव्ह्यू यांवर भरपूर लेक्चर्स होतात. पण हातात लेटर आल्यावर ते वाचायचं कसं, हे सहसा कोणी सांगत नाही. मी याच हॉस्टेलमधून बाहेर पडलो, आठ वर्षं अंबडला शॉप फ्लोअरवर काढली आणि आता इथेच शिकवतो. दरवर्षी दहा-बारा मुलं लेटर घेऊन केबिनमध्ये येतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे सांगतो.

लेटरहेड कोणाचं?

मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण नाशिककरांसाठी सर्कल अजून 'मायको सर्कल'च आहे. गंमत म्हणून ते ठीक. लेटरवर मात्र नाव बारकाईने बघा. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, कुठेही जा, एकाच लाइनवर तीन प्रकारचे इंजिनिअर शेजारी शेजारी उभे असतात : अ‍ॅप्रेंटिस, कंपनीच्या रोलवरचा ट्रेनी आणि कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवरचा. युनिफॉर्म सारखाच असतो. पण तिसऱ्याच्या लेटरवर गेटवरच्या पाटीचं नाव नसतं. उद्या अनुभवाचा दाखला लेटरवरचं नावच देणार, गेटवरचं नाही. म्हणून जॉइन होण्याआधी विचारा, "सर, मी कोणाच्या रोलवर?" यात उद्धटपणा काही नाही.

अ‍ॅप्रेंटिस म्हणजे काय?

अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि डिप्लोमा इंजिनिअर आले. आपल्या भागाचं काम मुंबईत सायनला असलेलं अ‍ॅप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्ड बघतं. साधारण एक वर्षाचं ट्रेनिंग असतं. २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड पदवीधराला महिना ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० रुपये ठरला. या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं.

आता महत्त्वाचं. कायद्याच्या भाषेत अ‍ॅप्रेंटिस हा 'शिकाऊ', कामगार नव्हे. वर्ष संपल्यावर कंपनीने घ्यायलाच हवं असं बंधन नाही. मात्र २०१४ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅप्रेंटिसना पुढे कसं घेणार, याचं धोरण प्रत्येक कंपनीने ठरवायचं असतं. ते बेधडक विचारा. आणि हेही लक्षात ठेवा, एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव झाला की हा दरवाजा बंद होतो. म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिप करायची तर सुरुवातीलाच.

मी तिला कमी लेखत नाही. चांगल्या कारखान्यात मेंटेनन्स किंवा क्वालिटीला एक वर्ष काढलं, तर चार सेमिस्टरची प्रॅक्टिकल्स एकदम समजतात.

तीन लाखांचं गणित

समजा, लेटरवर सीटीसी तीन लाख. आपण लगेच बाराने भागतो आणि घरी फोन करतो, "आई, पंचवीस हजार!" थांबा. समजा बेसिक निम्मं, म्हणजे महिना १२,५००. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,५००, आणि ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ६०० याच २५,००० मध्ये धरलेले असतात. उरले २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि प्रोफेशन टॅक्स २०० गेला, की हातात साधारण २१,२००. (मुलींना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात प्रोफेशन टॅक्स नाही, त्यांचे दोनशे वाचले!) पीएफ तुमचाच आहे. पण ग्रॅच्युइटी पर्मनंट माणसाला पाच वर्षं पूर्ण केल्यावर मिळते. खोलीचं भाडं, मेस आणि पेट्रोल या २१,२०० मधून भागवायचं आहे.

बाँड

बाँडबद्दल हॉस्टेलवर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "बाँडला कोर्टात किंमतच नसते," तर दुसरा सही करायलाच घाबरतो. दोन्ही चूक. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तेव्हा बाँड म्हणजे नुसता कागद असं समजू नका. दुसरीकडे, करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करार मोडला तर भरपाई वाजवीच मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. सही करण्याआधी तीन गोष्टी बघा : मुदत किती, रक्कम किती, आणि त्या बदल्यात ट्रेनिंग खरंच कुठलं देणार.

हे करूच नका

१) मूळ मार्कशीट कोणाकडे ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. माझ्या बॅचच्या एका मित्राची मूळ कागदपत्रं एका कंपनीने ठेवून घेतली होती. एमईच्या अ‍ॅडमिशनची तारीख आली तेव्हा ती हातात नव्हती, आणि त्याचं वर्ष गेलं.

२) 'सिक्युरिटी डिपॉझिट' किंवा 'रजिस्ट्रेशन'च्या नावाने पैसे भरून नोकरी घेऊ नका. पगार कंपनीने आपल्याला द्यायचा असतो.

३) तोंडी शब्दावर जॉइन होऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. हक्काने मागा.

घरची परिस्थिती, डोक्यावरचं एज्युकेशन लोन हे सगळं मला माहीत आहे. लेटर हातात असताना शंका काढणं जिवावर येतं. म्हणूनच सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या आणि कोणातरी अनुभवी माणसाला दाखवा. माझी केबिन वर्कशॉपच्या शेजारी आहे, चारनंतर मी तिथेच असतो. पेढे नंतर आणा, आधी लेटर आणा.