घोंगडी : लोकपरंपरेने जपलेले गुरुप्रावरण

स्नेहन व स्वेदन ही पंचकर्माची पूर्वकर्मे होत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात अग्नीवाचून होणारे १० स्वेद सांगितले आहेत. जड वस्त्र पांघरणे, म्हणजे गुरुप्रावरण, हा त्यांपैकीच एक. प्रस्तरस्वेद व उपनाहबंधन यांसाठीही तेथे आविक, म्हणजे मेंढीच्या लोकरीचे वस्त्र सुचविले आहे. महाराष्ट्रात हे वस्त्र धनगर व सनगर समाजांनी जपले. तीच आपली घोंगडी.

दख्खनी मेंढीची राठ, काळी लोकर कातरून पिंजतात. सूत काढण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांचे, तर विणकाम सनगरांचे. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देऊन खड्डामागावर घोंगडी विणली जाते. रानोमाळ हिंडणाऱ्या मेंढपाळाचे तेच पांघरूण, तेच आसन आणि पावसातील खोळ. देवकार्यातही तिला आसनाचा मान आहे.

लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहिल्याने देहाची ऊब टिकते. शिवाय लोकर पुष्कळ ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. वातकफप्रधान कटिशूल, संधिशूल यांत अभ्यंगानंतर तिचा उपयोग करता येतो. त्वचेस टोचू नये म्हणून आत सुती वस्त्र असावे. मात्र घोंगडी हे औषध नव्हे. ‘घोंगडीने संधिवात बरा होतो’ असा प्रचार शास्त्रसंमत नाही. गर्भिणी, मधुमेही, रक्तपित्त, अतिसार व कामला यांच्या रुग्णांस स्वेदन निषिद्ध मानले आहे. मुंबईच्या दमट उन्हाळ्यातही तारतम्य हवे.

चिंचपोकळी-लालबागमधील आमच्या वृद्ध रुग्णांत सातारा-सांगलीकडून गिरणीकामासाठी आलेले अनेक आहेत. कापडाची पारख त्यांना आमच्याहून अधिक! गावाकडची घोंगडी अंथरण्यास सांगितली की ते पथ्यही आस्थेने पाळतात, असा आमचा अनुभव आहे. परंतु त्यांच्या नातवंडांच्या घरी आता कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे आली आहेत. मेंढ्या मुख्यत्वे मांसासाठी पाळल्या जात असल्याने राठ लोकरीस भाव नाही, आणि विणकरांची पुढची पिढी मागावर बसत नाही.

औषधालयांच्या चालकांनी घोंगडी ठेवल्यास थेट विणकरांकडून घ्यावी. परीक्षा सोपी आहे : सुटा धागा जाळल्यास लोकरीला केस जळाल्याचा वास येतो व राख बोटाने चुरडते, कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गाठ होते. ग्रंथोक्त आविक वस्त्र रुग्णास मिळत राहावे, तर ते विणणारा हातही टिकला पाहिजे, याचा व्यवसायबंधूंनी अवश्य विचार करावा.