पापण्यांच्या कडांचा दाह आणि दैनंदिन स्वच्छता

सकाळच्या परिपाठासाठी मुले रांगेत उभी राहिली म्हणजे एखाद्या मुलाच्या पापण्यांच्या कडा लालसर, किंचित सुजलेल्या व केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण धरलेल्या दिसतात. असे मूल वर्गात वारंवार डोळे चोळते व फळ्यावरील मजकूर उतरवून घेताना मागे पडते. बहुधा त्याची गणना अस्वच्छ किंवा आळशी मुलांत होते आणि 'तोंड न धुता आलास काय?' असे त्याला चारचौघांदेखत विचारले जाते. वास्तविक त्याने तोंड धुतलेले असते. त्याला पापण्यांच्या कडांचा दाह झालेला असतो आणि नुसत्या तोंड धुण्याने तो जात नाही. या विकाराची माहिती प्रत्येक शिक्षकास असणे इष्ट आहे. कारण तो औषधापेक्षा सवयीने आटोक्यात राहतो, आणि सवय लावणे हे शिक्षकाचेच कार्य होय.

विकाराचे स्वरूप

मराठीत पापणी हा शब्द डोळ्यावरील झाकण व त्याच्या कडेचे केस या दोहोंसाठी वापरला जातो. येथे विचार करावयाचा आहे तो झाकणाच्या कडेचा. या कडेवर पुढील बाजूस केसांची मुळे असतात व त्यांच्या मागे सूक्ष्म तैलग्रंथींची तोंडे एका ओळीत असतात. वरच्या पापणीत अशा ग्रंथी सुमारे ३० ते ४० व खालच्या पापणीत सुमारे २० ते ३० असतात. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोमच्या ग्रंथी असे म्हणतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थराच्या रूपाने पसरते व अश्रूंना लवकर वाळू देत नाही.

कित्येकांच्या बाबतीत त्वचेवर नेहमी असणारे जंतू केसांच्या मुळाशी प्रमाणाबाहेर वाढतात. कित्येकांना डोक्यात कोंडा असतो व तसाच कोंडा पापण्यांवरही धरतो. आणखी काहींच्या ग्रंथींतील तेल दाट होऊन त्यांची तोंडे बुजतात. थंडीच्या दिवसांत बाटलीतील खोबरेल तेल गोठते व बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते पातळ होते, हे खेड्यातील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पापणी शेकण्यामागील तत्त्व नेमके हेच आहे. हा प्रयोग वर्गात करून दाखविल्यास मुलांना उपचाराचे कारण आपोआप पटेल.

लक्षणे व साम्य असणारे इतर विकार

कडांना खाज सुटणे, डोळ्यांची आग होणे, डोळ्यांत कचरा गेल्यासारखे वाटणे, सकाळी पापण्या चिकटणे, पापणीचे केस गळणे व वरचेवर रांजणवाडी होणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. हा विकार बहुधा दोन्ही डोळ्यांस होतो, हळूहळू वाढतो व पुन्हा पुन्हा उद्भवतो.

तो सामान्यतः संसर्गजन्य नाही. अतएव अशा मुलास वेगळे बसविण्याचे कारण नाही. डोळे येणे ही गोष्ट निराळी होय. तीत डोळ्याचा पांढरा भाग एकाएकी लाल होतो, पाणी किंवा पू येतो आणि एकापासून दुसऱ्यास लागण होते. खुपऱ्या हा तिसरा विकार. त्यात पापणीच्या आतील बाजूस बारीक पुरळ उठतात व पुढे व्रण पडून दृष्टी जाण्याचाही संभव असतो. भारतात १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०२४ मध्ये, सार्वजनिक आरोग्याची समस्या या दृष्टीने या देशातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. या यशात औषधांइतकाच मुलांचे चेहरे स्वच्छ ठेवण्याचाही वाटा आहे. साध्या स्वच्छतेचे सामर्थ्य किती असते, याचे हे उदाहरण शिक्षकांनी स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

दैनंदिन स्वच्छतेची रीत

विकार कोणता, हे प्रथम डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. त्यानंतर पुढील क्रम आरंभी दिवसातून दोन वेळा व आराम पडल्यावर एक वेळ पाळावा. लहान मुलांच्या बाबतीत हे काम आईने किंवा घरातील मोठ्या माणसाने करावे.

१. हात साबणाने धुवावेत. नखे कापलेली असावीत.

२. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती कापडाची घडी भिजवून पिळावी. मनगटाच्या आतील बाजूस लावून ती सोसवते की नाही हे पाहावे व मगच मिटलेल्या पापण्यांवर ठेवावी. अशा रीतीने ५ ते १० मिनिटे शेकावे. घडी निवाली की पुन्हा भिजवावी. पाणी कढत नसावे.

३. शेकून झाल्यावर लगेच वरची पापणी वरून खाली व खालची पापणी खालून वर, अशी केसांच्या दिशेने बोटाने हलकेच चोळावी. डोळ्यावर दाब देऊ नये.

४. अर्धी वाटी उकळून कोमट केलेल्या पाण्यात लहान मुलांच्या शांपूचे दोन-तीन थेंब मिसळावेत. त्यात कापसाचा बोळा भिजवून, डोळा मिटलेला असताना, केसांच्या मुळांवरून तो नाकाकडून कानाकडे फिरवावा. दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे घ्यावेत. खपल्या मऊ झाल्यावाचून ओढून काढू नयेत.

५. शेवटी स्वच्छ पाण्याने पापण्या धुऊन स्वतंत्र कापडाने टिपाव्यात. वापरलेले कापड उकळून उन्हात वाळवावे.

डोक्यात कोंडा असल्यास त्याचाही उपचार करावा. अन्यथा पापण्यांची स्वच्छता अपुरी ठरते.

वर्ज्य गोष्टी

विकार असेपर्यंत काजळ व सुरमा वापरू नये. घरातील सर्वांनी एकाच डबीत बोट घालणे तर सर्वथा अयोग्य होय. काही प्रकारच्या सुरम्यात शिसे आढळले असून ते मुलांच्या शरीरास विषारी आहे. डोळ्यात मध, तूप किंवा कांद्याचा रस घालू नये. रांजणवाडी पिळू नये, तीवर लवंग उगाळून लावू नये. कोमट शेक पुरेसा असतो. दुकानातून परस्पर आणलेले थेंब घालणे विशेष घातक आहे. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. त्याने लाली दोन दिवसांत ओसरते, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीवाचून दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होण्याची भीती असते.

डोळा दुखणे, उजेड सहन न होणे, दृष्टी अंधुक होणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे किंवा संपूर्ण पापणी सुजून ताप येणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता मुलास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. मुलांमध्ये हा दाह बुबुळापर्यंत पोहोचून दृष्टीस कायमची इजा करू शकतो. एरवी किरकोळ तक्रार असल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हाही अशा मुलांची नावे आवर्जून पुढे करावीत.

शिक्षकाचे कार्य

'गुरुजी, औषध घातले तेव्हा बरे झाले होते, परत आले,' अशी पालकांची तक्रार असते. ती खोटी नसते. खाज थांबली की शेकणे व पुसणे बंद पडते आणि काही आठवड्यांत विकार पुन्हा डोके वर काढतो. बहुतेकांच्या बाबतीत हा विकार समूळ जात नाही. दात घासण्याप्रमाणे त्याची नित्य काळजी घ्यावी लागते. हे पालकांना प्रथमच स्पष्ट सांगावे, म्हणजे त्यांची निराशा होत नाही व डॉक्टर बदलत फिरण्याचा खर्चही वाचतो.

आईवडिलांना शाळेत बोलावून, किंवा शक्य तर घरी जाऊन, वरील क्रम एकदा प्रत्यक्ष करून दाखवावा. मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखा आखून द्याव्यात व रोज शेकल्यावर त्याने खूण करावी. शिक्षकाने आठवड्यातून एकदा ते पान पाहावे. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत ही सवय मोडते, म्हणून सुटीपूर्वी आठवण द्यावी व शाळा उघडताच पुन्हा पाहावे. स्वच्छतेची तपासणी अवश्य व्हावी, परंतु दोष दिसल्यास तो मुलाला बाजूला घेऊन सांगावा. चारचौघांत लाजविलेले मूल डोळे लपविते, पुढे शाळाही चुकविते, आणि मग त्याचा विकार कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

अशा मुलास काही दिवस पहिल्या रांगेत बसवावे व लेखन पूर्ण करण्यास थोडा अधिक अवधी द्यावा. पापण्या स्वच्छ झाल्यावरही त्यास फळा नीट दिसत नसेल, तर त्याची दृष्टी तपासून घ्यावी. ज्याला आपण मंद समजत होतो ते मूल केवळ डोळ्यांच्या त्रासामुळे मागे पडत होते, असे कित्येकदा आढळून येईल.