दुसऱ्या मजल्यावरचा सा

एप्रिल संपत आलाय. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि पनवेलच्या एसटी स्टँडसमोर ऊन आत्ताच डोळ्यांवर येतंय. अंगाला शर्ट चिकटलाय. गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरच्या हाळ्या, मधेच हायवेवरून जाणाऱ्या ट्रेलरची घरघर. एक बाई रिक्षात चढते. मांडीवर तबला-डग्ग्याची मोठी पिशवी, शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा. त्याच्या हातात फक्त हातोडी आहे. ती तो शस्त्रासारखी घट्ट धरून बसलाय.

मीही तिकडेच निघालोय. जुन्या पनवेलमध्ये, टपाल नाक्याच्या पुढे रिक्षा गल्लीत शिरते आणि थांबते. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी रसवंती. घुंगरांच्या तालावर उसाचा चरक फिरतोय. वरच्या मजल्यावर संगीत विद्यालय. आज परीक्षा आहे.

जिन्यातच रांग सुरू होते. पहिल्या पायरीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत आई, बाबा, आजी, पाण्याच्या बाटल्या, डबे, वह्या. चपलांचा ढीग दारापासून खाली दोन पायऱ्या उतरलाय. नव्या पनवेलची मुलं आहेत, कामोठ्याची आहेत, खारघरची आहेत. खोपोलीहून आलेली एक मुलगी पहाटे उठलीय. ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपते, आणि झोपेतही तिची बोटं मांडीवर हलतायत. एक आजी दर पाच मिनिटांनी विचारते, "आपला नंबर कवा येल गो?" दाराशी बसलेली ताई यादीवरून बोट फिरवते. "अजून सात जण आहेत, आजी. बसा तुम्ही." बसायला जागा नाही. आजी पायरीवरच बसते.

व्हरांड्यात भिंतीवर दोन फोटो आहेत. विष्णु दिगंबर पलुस्कर आणि विष्णु नारायण भातखंडे. दोघांनाही आज ताजा हार घातलाय. पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात गेली, हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. कुरुंदवाडच्या या माणसाने 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं घराण्यांच्या बंद दारातून वर्गात आणलं. फी, हजेरी, अभ्यासक्रम. या जिन्यातली रांग तिथून सुरू होते असं म्हटलं तरी चालेल.

फोटोंच्या खालीच, जमिनीवर मांडी घालून, मध्यमाची दोन मुलं लेखी पेपरची उजळणी करतायत. त्यांच्या वहीत फोटोतल्या दोघांच्याही स्वरलिप्या आहेत, स्वर आणि स्वरांवर टिंबं.

"वर टिंब म्हणजे?"

"तार सप्तक."

"अरे, ते भातखंडेंचं. पलुस्करांच्यात वर टिंब म्हणजे मंद्र. तारला उभी रेघ."

"मग कोमलला?"

"भातखंडे, खाली आडवी रेघ. पलुस्कर, पाय मोडायचा."

तेच टिंब, त्याच जागी, आणि एका लिपीत आवाज वर जातो, दुसरीत खाली. मुलगा कपाळ पुसतो आणि पुन्हा लिहून बघतो. मला ही गल्लत चांगली आठवते. एका अख्ख्या प्रश्नाचे गुण तिने खाल्ले होते.

प्रारंभिक ही पहिली पायरी. मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. सात परीक्षा. वर्षाला एक धरली आणि कुठे अडलं नाही, तर तिसरीत सुरू करणारं मूल नववीत विशारद होतं. कुठे ना कुठे अडतंच. सहामाही परीक्षा आडवी येते, घसा बसतो, आवाज फुटण्याच्या वयात मुलांचा सूर वर्षभर हरवून जातो. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून सातवी-आठवीत वर्ग भरतात. पण जिन्यात बसलेले सगळेच गुणांसाठी आलेले नाहीत. वीस मिनिटं मी एका बाबांना बघतोय. मुलीची लय सुटू नये म्हणून ते नुसती बोटं मिटून मात्रा मोजून देतायत. सोळा झाल्या की परत एक.

रिक्षातला तो मुलगा आता खिडकीपाशी बसलाय. पिशवी उघडलीय. तबला काळी एकला लागायला हवा, आणि तो उतरलाय. पनवेलची हवाच अशी. खाडी जवळ, दमट. चामडं ओल धरतं, सैल पडतं, सूर खाली येतो. मुलगा मोबाईलमधला तंबोरा कानाशी धरतो. मग गजऱ्यावर वरून हातोडीचा हलका ठोका. टक. बोटाने चाटेवर ना. ऐकतो. तबला थोडा फिरवतो. टक. ना. पुन्हा फिरवतो. समोरासमोरची घरं जुळेपर्यंत तो मान वर करत नाही. आजूबाजूला तीन जण एकाच वेळी तीन वेगळे राग म्हणतायत, खाली चरक फिरतोय, आणि या मुलाला फक्त एक षड्ज ऐकू येतोय.

"घरी कधी लावतो?" मी त्याच्या आईला विचारतो.

"लावतो हो. वाजवता कुठे येतो." ती हसत नाही. "फ्लॅटच्या भिंती बघा ना. खालच्यांचं म्हणणं, संध्याकाळी टीव्ही ऐकू येत नाही. मग तबल्यावर टॉवेल टाकून वाजवतो."

टॉवेल. हे मी अनेक घरांतून पाहिलंय. कुणी रुमाल टाकतं, कुणी डग्ग्याखाली उशी घेतं. बोल नीट निघतात, मात्रा चुकत नाहीत, पण आस जाते. ना वाजल्यावर मागे जी गुंजत राहते, ती आस. ती ऐकूच येत नसेल, तर बोट चाटेवरून पटकन उचलायचं कशाला? मुलं मग बोट दाबून ठेवायला लागतात. गुरुजींना पहिल्याच मिनिटाला कळतं की हे पोर घरी टॉवेलवर वाजवतंय. ती सवय मोडायला महिने जातात.

आतून नाव पुकारलं जातं. रांग एक पायरी वर सरकते.

दार अर्धवट उघडं आहे. आत सतरंजी, हार्मोनियम, परीक्षकांसमोर छोटं टेबल, त्यावर गुणांचे कागद आणि झाकण ठेवलेला पाण्याचा पेला. वर पंखा पूर्ण वेगात, खडखडत. समोर नऊ वर्षांची मुलगी बसते. दोन वेण्या, नवा फ्रॉक, गुडघ्यावर हात.

"काय म्हणणार, बाळा?"

"दुर्गा."

"वर्ज्य स्वर?"

"गंधार, निषाद."

"छान. म्हण."

ती सा लावते. पंख्याच्या खडखडीत तो शोधावा लागतो. आरोह, अवरोह नीट होतात. सा रे म प ध. बंदिशीची स्थायीही होते. अंतरा होतो.

आणि लाईट जाते.

पंखा हळूहळू थांबतो. जिन्यात एकच हुंकार उठतो, "गेली." घाम एकदम कपाळावर येतो. पण खोलीत काहीतरी मोकळं झालंय. हार्मोनियमच्या भात्याचा श्वास ऐकू येतोय. मुलगी थांबलेली नाही. ती तानेवर आलीय, आणि खाली उतरताना तिचा रे-म चा पूल सुटतो. गंधार लागतो. दुर्गा क्षणभर भूप होते. दोन्ही राग पाच-पाच स्वरांचे, आणि लहान गळ्याला भूपाची वाट जास्त पायाखालची.

कुणी काही बोलत नाही. परीक्षकांचं पेन कागदावर येत नाही. मुलगी डोळे मिटते, मागे सा वर जाते, तिथे थांबते. किती वेळ, सांगता येत नाही. मग रे. मग एक मोठी उडी, मध्यम. स्वच्छ. पंखा असता तर ही चूक कुणालाच नीट ऐकू आली नसती. तिला स्वतःलाही नाही. ती सुधारलेली तर मुळीच ऐकू आली नसती.

बाहेर पायरीवरची आजी पदराने वारा घेता घेता थांबलीय. "आमची पोर नाय ती," ती मला सांगते, "पन बरी गाते."

बारा वाजून गेलेत. लाईट अजून आलेली नाही. मुलगी बाहेर येते आणि आईला पहिलं वाक्य सांगते, "माझा ग लागला." आई तिच्या मानेवरचा घाम पुसते आणि म्हणते, "ऐकला मी. आणि मग म पण ऐकला." दोघी चपला शोधायला लागतात. त्या ढिगात जोडी सापडायला वेळ लागतो.

आता तबल्याच्या मुलाचं नाव. तो हातोडी आईकडे देतो. तबला स्वतः उचलतो, डग्गा ताई घेते. दार लोटलं जातं. भिंतीपलीकडून तीनतालाचा ठेका येतो, विलंबित. धा. आणि धा नंतरची आस. ती जिन्यातून खाली रसवंतीपर्यंत जाते. बंद खोलीत, दमट हवेत, टॉवेलशिवाय. घरी त्याला हे मिळत नाही.

तुमच्या वरच्या किंवा शेजारच्या घरातून संध्याकाळी असा ठेका आला, तर तासभर चालू द्या. आणि कधी जिन्यात तो मुलगा भेटलाच, तर टॉवेल काढून वाजव म्हणून सांगा.